रक्ताची कल्हई

कोल्हापुरात थापा मारणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, पण करीम कल्हईवाल्याच्या थापेला कल्हई असायची. बाकीच्यांच्या थापा दुसऱ्या दिवशी हिरव्या पडत, करीमची वर्षभर चकाकत राही. गंगावेशीतल्या आपल्या दुकानात त्यानं एकदा लग्नाच्या एका डेगीला अशी कल्हई लावली, की रस्त्याकडेला ठेवलेल्या त्या डेगीत एक म्हैस डोकावली आणि आत दुसरी म्हैस आहे असं समजून दिवस मावळेपर्यंत हलली नाही. शेवटी मालकानं तिची धार तिथंच काढली. मग डोकं खाजवत त्यानं विचारलं, "करीमभाई, आतलीची बी निघंल काय वो?" करीम म्हणाला, "निघंल की. पर आदी तिला वैरण घाल." ज्याला हे पटत नसेल त्यानं म्हशीला विचारावं.

तर अशा या करीमची दोन्ही मूत्रपिंडं शहाऐंशी साली बसली. आधी पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. राजारामपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात रक्त धुवायचं यंत्र नुकतंच आलं होतं. तिथल्या कृष्णात डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "चाचा, दोन्ही बसलीत."

"बसली तर उठवा की," करीम म्हणाला.

"ती आता उठत नाहीत. दुसरं मूत्रपिंड बसवावं लागेल. देणारं कोण आहे का घरात?"

घरात कोण नव्हतं, पण शाहूवाडीला दिलेली थोरली बहीण होती, लालबी. निरोप गेला तसं तिनं शेतातली भाताची रोपं शेजारणीच्या हवाली केली आणि मिळेल त्या यष्टीनं कोल्हापुरात हजर झाली. तिचं रक्त जुळलं, मूत्रपिंडं दोन्ही ठणठणीत निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पावसाळा सरल्यावरची तारीख दिली आणि एकच अट घातली: तोवर यंत्रावर रक्त नीट धुतलेलं राहिलं पाहिजे, अंगात विष साठलं तर आम्ही चाकू हातात घेणार नाही. म्हणजे पावसाळाभर आठवड्यातनं दोनदा करीमनं खाटेवर पडायचं आणि यंत्रानं त्याचं रक्त धुवायचं. तेवढं निभलं की पुढचं आयुष्य लालबीच्या मूत्रपिंडावर. सोपं काम.

पहिल्या दिवशी करीमनं सगळं यंत्र निरखून घेतलं. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे एक पारदर्शक नळकांडं, हातात मावेल एवढं. त्याच्या आत केसासारख्या बारीक पोकळ धाग्यांची भरगच्च जुडी. रक्त धाग्यांच्या आतनं जातं, पाणी बाहेरनं, आणि मधल्या पातळ भिंतीतनं रक्तातली घाण पाण्यात उतरते. दवाखान्यात तिला डायलायझर म्हणत. करीमच्या जिभेवर ते नाव बसेना, त्यानं तिचं नाव ठेवलं गाळणी.

"कुठल्या गावचं काम हाय ह्ये?" त्यानं विचारलं.

"जर्मनीचं," यंत्र चालवणारा आकाराम म्हणाला.

"हात चांगला हाय त्यांचा," करीमनं पसंती दिली. एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी.

आणि आकारामनं यंत्र सुरू केलं. नव्या कोऱ्या गाळणीतनं रक्त फिरून परत अंगात शिरलं मात्र, करीमची छाती कुणी पट्टा आवळावा तशी आवळली. पाठीत कळ उठली. मग थंडी. पण थंडी कसली! दात वाजू लागले, मग खाट वाजू लागली. आणि मग ती लोखंडी खाट, चाकं नसलेली, खिडकीपासनं निघाली आणि थरथरत थरथरत दाराकडं चालू लागली. पलीकडच्या खाटेवर चंदगडचा एक काजूवाला आपल्या पाळीची वाट बघत पडला होता, तोही याच यंत्राच्या वारीला लागलेला. आपल्या शेजारनं खाट निघालेली बघून त्यानं हाक मारली, "चाचा, यष्टी लागली काय वो? मला बी चंदगडला सोडा की!"

आकारामनं खाट धरली, डॉक्टरांनी सुई टोचली, अर्ध्या तासानं सगळं शमलं. पण तेवढ्या अर्ध्या तासात करीमच्या सगळ्या थापा आतल्या आत वितळल्या होत्या. लालबीनं त्याचा घाम पुसला तर तो काहीच बोलला नाही. करीम गप्प बसलाय हे बघून ती खरी घाबरली.

दुसऱ्या खेपेला त्यानं यंत्र सुरू व्हायच्या आधीच त्याला दम दिला. "हे बघ, मी कोल्हापूरचा हाय. पुन्हा थंडी वाजवलीस तर भट्टीत घालीन." आणि आश्चर्य, थंडी वाजली नाही. छाती आवळली नाही. चार तास सुखानं गेले. करीमची खात्री पटली की यंत्राला दमाची भाषा कळते. त्यानं काजूवाल्यालाही शिकवलं. काजूवाला मवाळ माणूस. तो आपला "थंडी वाजवू नगो रं बाबा" म्हणून यंत्राच्या पाया पडायचा.

आता इथवर सगळं बरं चाललं होतं. घोटाळा झाला तो करीमच्या हातातल्या कलेमुळं.

त्या दिवशी लवकर आला म्हणून तो धुण्याच्या खोलीत डोकावला. तिथं फळीवर गाळण्या ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीवर पेशंटचं नाव. एक गाळणी त्याच पेशंटला धुऊन पुन्हा लावायची, अशी तिथली रीत. परदेशी वस्तू, दर वेळी नवी कुठनं आणणार? करीमनं आपल्या नावाची उचलली आणि उजेडात धरली. नवी होती तेव्हा बगळ्यासारखी पांढरी होती. आता आतले धागे पिवळट, म्हाताऱ्याच्या दातासारखे.

"आकाराम! ह्ये काय हाय?"

"तुमची गाळणी, चाचा. नाव लिवलंय बगा की."

"असल्या कळकट भांड्यावर माझं नाव लिवलंस व्हय रं? उभ्या गंगावेशीत मला तोंड दाखवायला जागा ठेवतोस का न्हाय?"

आकाराम बापडा वरमला. तो आधी वारणानगरला दूधसंघात दुधाच्या नळ्या धुवायला होता आणि धुण्याच्या बाबतीत त्यालाही अब्रू होती. "डॉक्टर म्हणत्यात, निस्तं पाण्यानं खळबळून घे आन् औषधात बुडवून ठेव. मला बी पटत न्हाय, चाचा. तिकडं नळीला दुधाचा असला डाग दिसला असता तर सायबानं मलाच नळीत घातला असता."

"मग धू की मर्दा! कारागीर हाईस का कोण? आमच्यात एक म्हण हाय, जुनं खरवडल्याबिगर नवं बसत न्हाय. आदी भांडं उघडं पाडायचं, मग पुढचं काम."

"ब्लीचिंगचं पाणी हाय फरशीचं. त्यानं निघंल."

"मग बघतोस काय?"

दोघांनी मिळून गाळणी ब्लीचिंगच्या पाण्यानं अशी धुतली, की धागे पुन्हा बगळ्यासारखे झाले. मग आकारामनं स्वच्छ पाण्यानं इतकं खळबळलं की ब्लीचिंगचा वाससुद्धा राहिला नाही. दोघांनी ती उजेडात धरून बघितली, एकमेकांकडं बघितलं, आणि दोघांच्याही छात्या फुगल्या.

तासाभरानं करीमची छाती पुन्हा आवळली. पाठीत कळ, मग थंडी. खाट दारापर्यंत गेली नाही एवढंच. काजूवाल्यानं मधेच धरली.

घरी येऊन करीमनं विचार केला. विचार सरळ होता: धुतली, तरी थंडी वाजली, म्हणजे नीट धुतली नाही. पुढच्या खेपेला ब्लीचिंग वाढलं, गाळणी अधिक पांढरी झाली आणि थंडी अधिक वाजली. त्याच्या पुढच्या खेपेला तिला इतकी धुतली की काजूवाला म्हणाला, लग्नात नवरीच्या गळ्यात घालण्यासारखी झालीया. त्या दिवशी करीमची बोटं निळी पडली. जसजशी गाळणी उजळत गेली तसतसा करीम काळवंडत गेला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. पाणी तपासलं, यंत्र तपासलं, दोष सापडेना. आणि आकाराम आणि करीम दोघं खोलीत कुजबुजत, "आजून कुठंतरी डाग ऱ्हायलाय."

शेवटी गाळणीनंच हात टेकले. ब्लीचिंगनं खाऊन खाऊन विरलेले धागे एके दिवशी मधेच फुटले, बाहेरच्या पाण्यात रक्त उतरलं, यंत्र बोंबललं. आकारामनं झटक्यात सगळं बंद केलं. करीमचं वाटीभर रक्त वाया गेलं. बँडेज बांधून होताच तो उठला, टोपी घातली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "संपलं. पुन्हा ह्या दारात पाय ठेवला तर नावाचा करीम न्हाय."

घरी लालबी चवताळली. "करम्या, मी माझं आख्खं मूत्रपिंड काढून द्यायला बसलेय, आन् तुला चार तास खाटंवर पडवत न्हाय?"

"तुझं मूत्रपिंड तुझ्यापाशी ठेव, आपा. मी दुकानात मरीन. यंत्रावर कुडकुडत न्हाय मरणार."

"मर की! पर मग ह्येचं मी काय करू? शाहूवाडीच्या बाजारात मांडू? मुंबईवाल्यांनी तारीख दिलीया. यंत्राबिगर तू तवर टिकणार न्हाईस, त्येंनी सांगितलंय न्हवं?"

"सांगितलंय."

"मग?"

"मग काय न्हाय." करीम भिंतीकडं तोंड करून झोपला. लालबी रात्रभर बडबडत राहिली, आणि पहाटे तिची बडबड रडण्यात बदलली तेव्हा करीम जागाच होता. पण उठला नाही.

लागोपाठ दुसरी खेप चुकली. पाय पुन्हा सुजले. तरी करीम भट्टी पेटवून दुकानात बसला होता. हात चालत होता तेवढं त्याला पुरे होतं. त्याच दिवशी सकाळी कृष्णात डॉक्टर स्कूटरवरनं आले, पालथ्या घातलेल्या एका डेगीवर बसले आणि म्हणाले, "चाचा, आला नाहीत."

"येणार बी न्हाय."

"का?"

"मी भांडं भट्टीत घालतो तसं परत काढतो. तुमचं यंत्र निस्तं घालतंय."

"आकारामनं मला सगळं सांगितलं."

"भेकड लेकाचा!"

"अहो नाही, मोठ्या अभिमानानं सांगत होता. म्हणाला, आम्ही दोघांनी गाळणी दर खेपेला नव्यासारखी केली." डॉक्टर हसले नाहीत. "चाचा, तुमच्या लक्षात आलं का? थंडी कधी वाजली? पहिल्यांदा, गाळणी नवी होती तेव्हा. आणि मग ती तुम्ही नव्यासारखी केलीत तेव्हा. मधे पिवळी होती, तेव्हा वाजली नाही."

"तवा मी यंत्राला दम दिलता."

"दमाचं राहू दे. ऐका. तुमच्या रक्तात प्रथिनं असतात. अंड्यातला पांढरा बलक कसा चिकट, तसली."

"माझ्या रक्तात अंडं हाय?"

"तसल्या जातीची वस्तू आहे. आपल्या अंगाबाहेरचं काही रक्ताला लागलं, की ही प्रथिनं पळभरात त्याला जाऊन चिकटतात. पातळ थर बसतो. तो बसताना रक्तातले पहारेकरी खवळतात, कोण परका आला म्हणून. त्याचीच ती थंडी आणि छातीतला दाब. पण एकदा थर बसला आणि आमच्या औषधानं तो पक्का झाला, की पुढच्या खेपेला रक्ताला परकी भिंत दिसतच नाही. दिसतो तो आपलाच थर. मग ते गुमान वाहतं. तो पिवळा रंग म्हणजे तो थर, चाचा. आणि तुम्ही दोघांनी नेमका तोच खरवडून काढला. दर खेपेला."

करीमनं भात्याचा दांडा दाबला. कोळसे फुलले. "डॉक्टर, तुमी शिकलेलं हाईसा. पर घाण ती घाण. भांड्याला चिकटलेलं काढायचं असतंय, ठेवायचं न्हाय. ह्यात मला कोण शिकवू नये."

डॉक्टरांनी आणखी दोनदा वेगळ्या तऱ्हेनं सांगून बघितलं. करीम मान हलवायचा ती फक्त आडवी. लालबी आतनं चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "दगडाला सांगा डॉक्टर, त्येला घाम तरी फुटंल."

तेवढ्यात धोंडुबाई आली. ही गल्लीतली ताक विकणारी, आवाज असा की तिनं हाक मारली तर रंकाळ्यातले मासे वळून बघायचे. तिनं आपलं पितळेचं पातेलं करीमच्या पुढ्यात आदळलं.

"ह्ये घे तुझं भांडं! मोठा कल्हईवाला! दोन म्हयन्यामागं लावलीस, आन् आज ताक हिरवंगार! गिऱ्हाइकानं घोट घेतला आन् रस्त्यावर थुकलं. माझी अब्रू गेली की रं!"

"माझी कल्हई दोन म्हयन्यात जात न्हाय," करीम म्हणाला आणि पातेल्यात डोकावला. आत लख्ख पिवळंधमक पितळ. त्यावर बारीक बारीक ओरखडे. "धोंडुबाई, कशानं घासलंस ह्ये?"

"विटकरीच्या भुकटीनं. आतनं सगळं पांढुरकं, काळपट दिसत हुतं. बाकीच्यांची भांडी कशी सोन्यावाणी दिसत्यात! म्हटलं आपलं बी चमकू दे. पाच-सहा डाव घासलं, तवा कुठं डाग गेला."

"डाग?" करीम उभाच राहिला. पाय सुजलेत हेही विसरला. "डाग? अगं बाई, ती कल्हई हुती! तीच तर मधी हुती! ताकाला पितळ दिसू नये म्हणून तर ती लावायची. ताक आंबट, पितळ उघडं, दोघांची गाठ पडली की ताक कळकलंच. मधी कल्हई असली की ताकाला काय कळतच न्हाय आपण कशात हाय ते, गुमान बसतंय. आन् तू ती चमकवायच्या नादात खरवडून काढलीस? उघडं पाडलंस भांडं? वर ताक वतलंस? आन् ते हिरवं झालं की म्हणतीस, आजून घासाय पायजे! अक्कल हाय का न्हाय तुला? एवढं बी कळत न्हाय, का जे चिकटलंय त्येनंच..."

इथं करीमचा आवाज गेला.

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. लालबीनं पदर तोंडाला लावला. धोंडुबाई मात्र थबकून म्हणाली, "थांबलास का? शिव्या संपल्या व्हय?"

करीम हळूच खाली बसला. पातेल्यातल्या ओरखड्यांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "डॉक्टर."

"बोला चाचा."

"ती गाळणी कशाची करत्यात?"

"कापसाची."

"निस्त्या कापसाची? खरं सांगा."

"कापूस तांब्याच्या एका औषधात विरघळवतात. मग त्याचे धागे ओढतात आणि शेवटी तांबं धुऊन..."

"तांबं!" करीमनं मांडीवर थाप मारली ती पार बिंदू चौकात ऐकू गेली. "आपा, ऐकलंस? तांबं! आन् बिनकल्हईचं! तरीच माझं रक्त कळकत हुतं!"

"तसं नाही चाचा, तांबं त्यात उरत नाही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "भिंतच रक्ताला परकी वाटते, तांब्याचा त्यात काही..." पण करीमनं टोपी शोधायला घेतली होती. डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं. काही औषधं डॉक्टरनंच गिळायची असतात.

टोपी सापडेपर्यंत करीमच्या डोक्यात धंद्याचे प्रश्न सुरू झाले होते. "मग असं करा की. त्या काजूवाल्याची लागलेली गाळणी मला लावा. त्येची थंडी त्येनं भोगलीया, मला आयती कल्हई."

"नाही चालत. त्याचा थर त्याचा. शिवाय त्याच्या अंगातलं दुखणं तुमच्या अंगात यायचं. ज्याची कल्हई त्यानंच लावायची, आणि पहिल्यांदा थोडी थंडी सोसायची."

"किती दिवस टिकती?"

"प्रत्येक खेपेला थर थोडा जाड होतो. फार जाड झाला की भोकं बुजतात, घाण बाहेर पडत नाही. आम्ही मोजून बघतो. मग गाळणी टाकून नवी."

"बराबर हाय," करीम म्हणाला. "कल्हई पातळच पायजे. थापलेली कल्हई ती शिकाऊची." त्यानं भट्टीवर पाणी मारलं, धुराचा लोट उठला, आणि धोंडुबाईचं पातेलं बाजूला ठेवत तो म्हणाला, "ह्ये परवा लावून देतो. तुझी चूक हाय, पर ह्या खेपेला फुकट." धोंडुबाईनं असं वाक्य त्याच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं, ती भांडायचं विसरून घरी गेली.

तासाभरात करीम खाटेवर होता. नवी गाळणी. डॉक्टरांनी ती मिठाच्या पाण्यानं बराच वेळ खळबळून घेतली, आधीच एक सुई टोचली आणि आकारामला रक्त अगदी हळू सोडायला सांगितलं. पायाशी लालबी, तळवे दाबत. काजूवाल्यानं आपल्या खाटेचा दांडा आधीच घट्ट धरला होता.

छाती आवळली. पाठीत कळ आली.

"चाचा, बंद करू?" आकाराम म्हणाला.

"हात लावू नगो," करीम दातावर दात धरून म्हणाला. थंडीनं त्याचे शब्द तुटत होते, पण आता तो भ्यालेला नव्हता. आपल्याच भट्टीपुढं बसल्यासारखा डोळे मिटून आतलं काम बघत होता. "भांडं... तापल्याबिगर... कथील फिरत न्हाय. बसतीया... बसतीया... आपा, पाय सोड गं, फिरू दे सगळीकडं. कोपऱ्यात बी जाऊ दे."

लालबीनं पाय सोडले नाहीत. तिला कथील कळत नव्हतं, पण भाऊ बोलायला लागलाय एवढं कळत होतं. थंडी आली तशी हळूहळू उतरली. पहिल्या दिवसाच्या मानानं ती निम्मीही नव्हती.

यंत्र सुटल्यावर तो धुण्याच्या खोलीत जाऊन बसला आणि आकारामच्या डोक्यावर उभं राहावं तसा बघत राहिला. "हळू! तालमीतला गडी चोळतोयस काय? तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतोयस असं समज. बास, बास, त्यो पिवळेपणा ऱ्हाऊ दे."

"चाचा, मला ह्ये बगवत न्हाय," आकाराम काकुळतीला येऊन म्हणाला. "निदान ह्यो एक डाग तरी काढू द्या."

"हात तोडीन!"

मग गाळणी औषधात बुडाली आणि करीम घरी गेला. पुढच्या खेपेची त्यानं वाट बघितली ती कधी एकदा जातोय अशी. लालबी त्याच्याआधी तयार होऊन उंबऱ्यावर उभी. पिवळट गाळणी त्यानं उजेडात धरून बघितली, जीभ टाळ्याला लावून पसंतीचा आवाज काढला, आणि आकारामनं औषध धुऊन काढून ती लावली. रक्त निघालं, फिरलं, परत आलं.

काहीच झालं नाही.

करीम डोळे ताणून वाट बघत राहिला. जेवायला बोलावलेला पाहुणा येईना की घरधनी बघतो तशी. छाती मोकळी. पाठ गप्प. हाताची बोटं त्यानं उलटसुलट करून बघितली, तीही माणसासारखी लालसर. काजूवाल्यानं विचारलं, "चाचा, कसं काय?" तर त्यानं तोंडावर बोट ठेवलं, जणू मोठ्यानं बोललं तर थंडी जागी होईल. मग हळूहळू त्याच्या पापण्या जड झाल्या, आणि थोड्याच वेळात तो घोरू लागला. घोरणं असं, की भिंतीवरचं कॅलेंडर प्रत्येक श्वासाला एक महिना पुढं जाऊ लागलं. दिवाळी आली, संक्रांत आली. लालबीनं उठून ते धरून ठेवलं, नाहीतर मुंबईची तारीख हुकली असती.

तिनं डॉक्टरांना हळूच विचारलं, "आता टिकंल का वो, तारखंपर्यंत?"

"असंच चाललं तर टिकेल. आजचं रक्त मी मुंबईला कळवणार आहे. चांगलं आहे." डॉक्टरांनी करीमकडं बघितलं. "एवढं घोरणारा माणूस टिकणारच."

लालबीनं डब्यातली सकाळची भाकरी काढली. कितीतरी खेपा झाल्या, तिच्या घशाखाली या खोलीत घास उतरला नव्हता. ती खिडकीशी बसून जेवली, काजूवाल्यालाही चटणीचा गोळा दिला. आकारामनं ओरडून पथ्याची आठवण केली तेव्हा तो अर्ध्यावर आला होता.

करीमला जाग आली तेव्हा नळ्या सुटलेल्या होत्या. त्यानं उठून डोळे चोळले.

"झालं?"

"झालं," आकाराम म्हणाला. "आता शुक्करवारी."

"शुक्करवारी दुपारची नमाज हाय. मला गुरुवार द्या."

काही दिवसांपूर्वी या दारात पाय न ठेवण्याची शपथ घेतलेला माणूस एक दिवस आधीचा मागत होता. आकाराम डॉक्टरांकडं बघू लागला. "या आठवड्यात गुरुवारी यंत्र या पावण्यांना दिलंय," डॉक्टर काजूवाल्याकडं बोट करून म्हणाले.

"मी शुक्करवारी येतो की," काजूवाला म्हणाला. "चाचांनी एकडाव माझ्या गाळणीवर नजर टाकली म्हंजे झालं. कल्हई नीट बसली का न्हाय बगा, चाचा."

करीमनं त्याची गाळणी फळीवरनं उचलली, खिडकीशी नेली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ फिरवून बघितली.

"बसलीया," तो म्हणाला. "पर ह्या टोकाला हात जरा घाईचा हाय तुमचा."